भरलेला खळगा

ऐरणीवरचं पोतं बाजूला केलं आणि हौसेरावांचा हात तसाच अधांतरी राहिला. ऐरण सपाट होती. मधे जो खळगा होता, झिजलेल्या पाट्यासारखा, पालथा तळवा अलगद मावेल एवढा, तो नव्हता. त्या जागी घासून गुळगुळीत केलेलं लोखंड चकाकत होतं, आणि पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्यावर आपटून सरळ त्यांच्या चष्म्यात शिरत होती. क्षणभर त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच शेडमध्ये शिरलो. पावणे औद्योगिक वसाहतीच्या या गल्लीत सगळ्या शेड सारख्या, सगळ्यांचे पत्रे सारखेच गंजलेले. वय झालं की चुकायला होतं. पण कोपऱ्यातली भट्टी त्यांचीच होती, भिंतीवरच्या सांडश्या त्यांच्याच होत्या, आणि हात मागे बांधून, ओठ दाबून हसू आवरत उभी असलेली मुलगीही त्यांचीच होती.

“कशी झालीय, आबा?” अक्षतानं विचारलं.

“छान,” हौसेराव म्हणाले.

शब्द निघून गेल्यावर तो त्यांनी ऐकला. कुणी वाटेत ‘बरं आहे ना’ म्हटलं की ‘बरं आहे’ निघतं, तसा तो निघाला होता. आतून मात्र ते दचकले होते. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पाय जमिनीवर आदळावा, तसं. ते पोत्याची घडी घालत राहिले. पोत्याची घडी कधी कुणी घालतं का? अक्षता बोलत होती. काल अमावस्या. अमावस्येला भट्टी पेटवायची नाही, ऐरणीवर घाव घालायचा नाही, हा त्यांच्या घरचा आज्यापासूनचा नेम. साताऱ्याकडच्या गावातून ऐरणीबरोबरच तो इकडे आला होता. म्हणून काल तिनं त्यांना सानपाड्याला घरीच राहायला सांगितलं, आणि ते वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर घेऊन दिवसभर गॅलरीत बसले, चांगले सुखात बसले. तेवढ्यात इकडे तिनं आणि शेजारच्या शेडमधल्या कासिमभाईनं साखळीच्या कप्पीनं ऐरण लाकडी बुंध्यावरून उचलली, त्याच्याकडे नेली, वेल्डिंग करून खळगा भरून काढला, ग्राइंडरनं घासला, आणि परत आणून बसवली. “अमावस्या मोडली नाही हां,” ती म्हणत होती. “घाव एकही घातला नाही. विचारा कासिमभाईला. तो म्हणत होता जरा ठोकून बघू, मी म्हटलं नाही, पहिला घाव आबांचा.” आणि मग तिनं त्यांचा हातोडा, दांडा त्यांच्याकडे करून, पुढे धरला.

अमावस्येनंतर पहिला घाव घरातल्या वडीलधाऱ्यानं रिकाम्या ऐरणीवर घालायचा. तोवर दुसऱ्या कुणी घाव घालायचा नाही. हौसेरावांनी हातोडा घेतला, त्याचं वजन तळहातावर तोललं, आणि तो हळूच बुंध्याला टेकवून ठेवला. म्हणाले, चहा येऊ दे आधी.

तिला ते खटकलं नाही. ती भट्टीकडे वळली. ब्लोअरचं बटण दाबल्यावर तो आधी खाकरल्यासारखा आवाज करून मग एका सुरात घोंघावू लागला, आणि कोळशातून निळसर जीभ वर आली. हौसेराव बाकावर बसून तिच्या पाठीकडे बघत राहिले. द्रोणागिरीच्या गोदामातली पगाराची नोकरी सोडून ही पोरगी इथे आली तेव्हा त्यांनी तिला बरंच काही सांगायचं ठरवलं होतं आणि त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती आली आणि तिनं शेड बदलायला घेतली. आधी कातड्याचा भाता काढला आणि ब्लोअर लावला. हौसेराव धुसफुसले होते की यंत्राची हवा आंधळी असते, लोखंड जाळून टाकेल. पण तिनं नळीवर चावी बसवली आणि हवा हवी तेवढीच येऊ लागली. मग भट्टी आतून मातीऐवजी अग्निविटांची केली. कोळसा कमी लागायला लागला. वर पत्र्याचं धुराडं बसवलं. ते म्हणाले होते धूर उलटा फिरेल, तर त्यांचा वर्षानुवर्षांचा खोकलाच निघून गेला. मातीची जमीन खणून कोबा केला. सांडश्या तोंडाच्या आकाराप्रमाणे टांगल्या, चपट्या एकीकडे, गोल एकीकडे. लाल झालेली पट्टी भट्टीत ठेवून सांडशी शोधत फिरण्याची त्यांची जन्माची सवय सुटली. प्रत्येक वेळी त्यांना भीती वाटली होती आणि प्रत्येक वेळी ती खोटी ठरली होती. तिनं एकदाही ‘बघा, मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग निदान भांडता आलं असतं. आता आपल्या धक्क्यावरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता. छाती धडधडते आहे हे खरं, पण ती भाता काढला तेव्हाही धडधडली होती. लोहारकामाच्या पुस्तकात तर स्पष्ट होतं की वेल्डिंगच्या आचेनं ऐरणीचं पाणी उतरतं, पोलादाला तापवून बुडवून आणलेला कठीणपणा निघून जातो, आणि मग प्रत्येक घावागणिक तोंड दबत जातं. पण पुस्तकं त्यांनी आयुष्यभर वाचली आणि आयुष्यभर थोडी चुकीची वाचली. धुराड्याबद्दलही त्यांनी पुस्तकातूनच सांगितलं होतं.

आणि समजा ते बरोबर असले, तर? अशी ऐरण आता मिळत नाही. भंगारात गेलेल्या, दुकानात मिळणाऱ्या, सगळ्या पाहून झाल्या होत्या. त्यांच्यावर हातोडा टाकला तर तो परत न उसळता बसून राही. याच ऐरणीच्या भरवशावर अक्षतानं नोकरी सोडली होती. बाजारातल्या शहाळेवाल्यांचे कोयते, हॉटेलांच्या सुऱ्या, कुणाच्या फार्महाऊसचं फाटक, जे काय चाललं होतं ते हिच्यावर. ती मेली असेल तर शेड मेली. आणि ती कुणी मारली, तर या पोरीनं, स्वतःच्या हातानं, बापाला खूश करायला. पहिला घाव घालेपर्यंत मात्र तसं काहीच झालेलं नव्हतं. घाव घालेपर्यंत ऐरण जिवंत होती, मुलगी खुशीत होती, आणि ते फक्त चहाची वाट बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते. हे कुठवर लांबवता येईल याचा ते हिशेब करू लागले, आणि आपण लहान पोरासारखे अंथरुणात डोळे मिटून पडलोय, शाळेची वेळ टळेल म्हणून, असं त्यांना वाटलं.

चहा कासिमच घेऊन आला. तो उरणकडचा; बापाचा मासळीच्या बर्फाचा धंदा सोडून लोखंडात शिरलेला, जाडजूड, सतत हसणारा माणूस. अक्षताला तो बहीण म्हणायचा आणि तिच्याशी अखंड भांडायचा. आल्या आल्या त्यानं ऐरणीवरून बोट फिरवलं आणि ते हौसेरावांना दाखवलं, जणू त्यावर सायच लागली होती.

“काका, आरसा केलाय आमी. दाढी करा यात बघून.”

हौसेराव हसले. मग चहाच्या पेल्यात बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं की वेल्डिंगचा रॉड कुठला वापरला.

“साधाच. गेटाला वापरतो तो. पन खाल्ला किती तिनं! भरतोय, भरतोय, संपायचं नावच नाय.” कासिमनं मांडीवर हात मारला. “तुमी जलमभर ठोकून ठोकून खड्डा पाडला, आमी एका दिवसात बुजवला. रस्तेवाल्यांना बोलवा, शिकून जातील.”

अक्षता मोठ्यानं हसली. हौसेरावही हसले, आणि हसता हसता थांबले. साधा रॉड. म्हणजे मऊ लोखंड. आता शंका उरली नव्हती. पण ते त्या शब्दाशी थांबलेच नव्हते. ते त्यानंतरच्या शब्दांशी थांबले होते. तुम्ही ठोकून ठोकून. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, नंतर बुंध्याला टेकलेल्या त्या छोट्या हातोड्याकडे. या हातोड्यानं ऐरणीला खळगा पडत नाही. शंभर वर्षं मारला तरी पडत नाही. खळगा घणानं पडतो. आणि घण त्यांनी कधी मारलाच नव्हता. लोहाराच्या घरात पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि लहान हातोड्यानं जागा दाखवतो; घण समोर उभी असलेली घरची बाई मारते. गावी तो त्यांच्या आईनं मारला. ऐरण इकडे आली तेव्हा तिला नुसती उतरण होती, बोट फिरवलं तरच कळणारी. मग लग्न होऊन अरुणा आली. खाणीतल्या पाथरवटांच्या छिन्न्या आणि पहारी, गाड्याच्या गाड्या भरून, धार लावायला यायच्या ते दिवस. पदर कमरेला खोचून, डावा पाय जरा पुढे टाकून ती उभी राहायची आणि घण डोक्यावरून घेऊन खाली आणायची तो बरोबर एकाच जागी, ऐरणीच्या मधल्या भागापासून किंचित तिच्या बाजूला. म्हणून खळगा बरोबर मधोमध नव्हता. तो तिच्याकडे झुकलेला होता. इतकी वर्षं त्यात कोयत्याचं पोट बसवताना त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा, आणि आपला हात तिकडे का जातो हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्यांनी पेला खाली ठेवला. कासिम अक्षताला काही सांगत होता, पाइपांचं, कुणीतरी माल फिरवून दिल्याचं. त्यांना ते घोंघावणाऱ्या ब्लोअरच्या पलीकडून ऐकू येत होतं. अरुणाशी ते कधी फारसं बोलले नाहीत. घरात मीठ हवं असलं तरी ते मागायचे नाहीत, अळणी जेवून उठायचे. शेजाऱ्यांना वाटायचं या दोघांचं पटत नाही. पण इथे, या लोखंडाशी, ते सबंध दिवस तिच्याशी बोलायचे. लाल लोखंडावर हातोड्याची एक टिचकी, म्हणजे इथे. टिचकी जरा जोरात, म्हणजे जोरात. पट्टी फिरवली की तिनं श्वास घ्यायचा. आणि हातोडा ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजला की पुरे, थांब. ती घण खाली टेकायची आणि मनगटानं कपाळ पुसायची. “अवो, तुमचं सगळं बोलणं ऐरणीवरच सांडतं,” एकदा ती म्हणाली होती, “घरी न्यायला काय उरतच नाही.” तेव्हा त्यांनी मान खाली घालून पट्टी भट्टीत सारली होती. खाणी बंद झाल्या, मग तिचं दुखणं निघालं, मग ती गेली. घण भिंतीला टेकून राहिला. जड काम अक्षतानं आणलेलं यंत्र करू लागलं. खळग्यात दुपारी ते चष्मा काढून ठेवायचे. तो तिथून घसरत नसे.

आणि तक्रार कुणी केली होती? हौसेरावांनीच. ऐरण बसलीय, ऐरण सपाट हवी, खळग्यात सुरी सरळ होत नाही, हे बघ पुस्तकात काय लिहिलंय, असं ते स्वतःशी पुटपुटायचे, म्हाताऱ्या माणसानं पुटपुटावं तसं, कुणी ऐकत नाही अशा खात्रीनं. जन्मभर त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं आणि त्याची त्यांना सवय होती, त्यात एक आडोसाही होता. आता कळत होतं की एक माणूस ऐकत होतं. शब्द न् शब्द ऐकत होतं आणि अमावस्येची वाट बघत होतं. भाता काढला त्या दिवशीचं त्यांना आठवलं. भात्याच्या दांडीवर अरुणाच्या हातानं झिजलेली खाच होती. ती दांडी भंगारवाल्याच्या गाडीवर पडली तेव्हा ते उभे राहून बघत होते आणि नंतर पोटभर जेवले होते. कोबा करताना मातीतला तो उथळ खोलगा, जिथे तिचा डावा पाय असायचा, तो फावड्यानं सारखा केला. फावडं त्यांच्याच हातात होतं. तिच्यासाठी तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आज जे वाटत होतं त्याहून ते तेव्हा न वाटणंच त्यांना भयंकर वाटलं. अरुणा थोडी थोडी करून सगळी निघून गेली होती, त्यांच्या समोरून, आणि ते हवेच्या चावीचं कौतुक करत होते.

“आबा, पट्टी तापत आलीय,” अक्षता म्हणाली. “घाला ना घाव.”

ते उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवला आणि मनात एक लबाडी ठरवली. वेल्डिंग मधे होतं. कडेला जुनं पोलाद होतं. त्यांनी हातोडा घेतला, मनातल्या मनात नेहमीचा नमस्कार केला, आणि घाव कडेवर घातला. ऐरण खणखणली. तोच आवाज, घंटेच्या जातीचा, पत्र्यापर्यंत जाऊन परत येणारा. कासिमनं ‘वा’ म्हटलं आणि रिकामे पेले गोळा करून तो आपल्या कामाला निघून गेला. हौसेरावांनी सुटकेचा श्वास टाकला, जणू खरोखरच काही वाचलं होतं.

“मधे मारा की.”

त्यांनी मधे मारला. अगदी अलगद, झोपलेल्या माणसाला हात लावावा तसा. आवाज आला तो ओल्या लाकडाचा. हातोडा उसळला नाही. त्यांनी तो पटकन उचलून घेतला, जणू तो उसळलाच होता. पण अक्षताचं डोकं एका बाजूला कललं होतं. तिचा पाळणा याच शेडमध्ये, त्या मागच्या खांबाला बांधलेला असायचा. बोलायच्या आधी तिनं हे आवाज ऐकले होते.

“तुम्ही घाबरून मारताय,” ती म्हणाली.

“नाही गं. हात दुखतोय जरा.”

“आबा.”

ती भिंतीकडे गेली आणि तिनं घण उचलला. दांडा तिनंच नवा बसवलेला होता. ती येऊन समोर उभी राहिली, डावा पाय जरा पुढे टाकून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. घण मारायचा तर माणूस असंच उभं राहणार, दुसरं कसं राहणार, असं हौसेरावांनी स्वतःला सांगितलं. तिला थांबवायला हवं होतं. त्यांचा हातोडा आपण होऊन कडेवर दोनदा वाजला. पुरे. थांब. पण ती भाषा तिला येत नव्हती. घण वर गेला आणि खाली आला.

धप्प आवाज झाला. कसलाही नाद नाही. शेडमध्ये कुणीतरी गोणी टाकल्यासारखा. तिनं घण बाजूला घेतला. चकाकत्या आरशात घणाच्या तोंडाचा ठसा उमटला होता, खोल, मेणात उमटावा तसा. ती बघत राहिली. मग तिनं पुन्हा घण उचलला, आणि पुन्हा, आता ती ऐरणीला मारत नव्हती, तो ठसा पुसून काढायला मारत होती, आणि प्रत्येक घावागणिक तो खोल होत होता. हौसेराव हातोडा धरून उभे होते. चौथ्या की पाचव्या घावाला काहीतरी टचकन वाजलं, नखानं भांडं टोकरावं इतकं बारीक. ती थांबली.

केसासारखी एक काळी रेघ गुळगुळीत लोखंडावर उठली होती. ती ठशाच्या पलीकडून निघाली, वळली, अक्षताच्या बाजूला फुगली आणि फिरून आपल्यालाच येऊन मिळाली. कासिमनं भरलेलं सगळं लोखंड तिच्या आत होतं, जुनं पोलाद तिच्या बाहेर. अक्षतानं घण टेकवला आणि रेघेवरून बोट फिरवलं, पूर्ण एक फेरी.

“हिचं पाणी उतरलं ना?” तिनं विचारलं. ती वर बघत नव्हती. हौसेरावांनी मान हलवली. तिनं पाहिली की नाही कोण जाणे. “मीच उतरवलं.” तिचं बोट अजून रेघेवरच होतं. “पण हा आकार कसला आलाय, आबा? सरळ का नाही? माझ्याकडे का कललाय?”

खोटं बोलायला त्यांच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

“तुझी आई इथं मारायची,” ते म्हणाले.

ब्लोअर घोंघावत होता. अक्षतानं बोट उचललं, भाजल्यासारखं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला त्यांनी पाहिला, आणि तो कसा जातो हे त्यांना सकाळपासून आतून माहीत होतं. तिनं विचारलं, “मला कधी सांगितलं का नाही?” त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मला तरी कुठं माहीत होतं,” हौसेराव म्हणाले. “मलाच आज कळलं. चहा पिताना.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत, आणि म्हणून भट्टीकडे बघू लागले, आणि म्हणून त्यांना दिसलं की पट्टी पिवळी होऊन पांढरी व्हायला लागली आहे, तिच्या टोकाला ठिणग्या फुटताहेत. शरीरानं ते आधी ओळखलं. त्यांनी बटण बंद केलं, चपट्या तोंडाची सांडशी न शोधता घेतली, पट्टी ओढून काढली आणि ऐरणीवर आणली. कुठे ठेवायची? हातानं ठरवलं. रेघेच्या आत, मधल्यापासून किंचित तिच्या बाजूला. शेड एकदम शांत झाली होती. लोखंडाची सुर्रसुर्र तेवढी ऐकू येत होती. ते बोलायला गेले, काहीतरी सांगायला, इथे मार किंवा राहू दे, दोन्हींपैकी एक. मग त्यांनी हातोडा उचलून तापल्या लोखंडावर एक टिचकी मारली.

अक्षता त्या जागेकडे बघत होती. तिनं घण उचलला. तो खाली आला बरोबर टिचकीच्या जागी, आणि ऐरण वाजली नाही, धप्प झालं, आणि पट्टीखाली लोखंड आणखी थोडं खाली गेलेलं हौसेरावांना सांडशीतून हातात कळलं. त्यांनी पट्टी फिरवली. तिनं श्वास घेतला. त्यांनी पुन्हा जागा दाखवली.